सूर्यावरचा धागा

दिग्रसचा सूर्य मावळला.

हे वाक्य माझं नाही, गजू. तुझ्या शोकसभेत वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले. डोळे मिटून म्हणाले आणि म्हटल्यावर जरा थांबले. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे काही लोकांच्या वेळेवर लक्षात आलं, काहींच्या नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या गच्चीवर जाऊन पाहिलं. सूर्य जागेवर होता. वैशाखातला सूर्य, नऊ वाजताच टाळू तापवणारा. मावळल्याची कुठलीही खूण त्याच्यावर नव्हती.

सभेत तुझा फ्लेक्स होता. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे तू कुणीतरी पकडून आणल्यासारखा दिसत होतास. डोक्यामागे सोनेरी किरणांचं चक्र. तू असतास तर म्हणाला असतास, "प्रभामंडळ असं दिसत नाई बे. त्याले आधी ग्रहण लागा लागते." शेवटी दोन मिनिटं मौन झालं. ते साधारण चाळीस सेकंद चाललं. तुझ्यासाठी तरी पुरती दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं. दोन मिनिटांत कागदावरचा सूर्य स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, हे तूच मला शिकवलंस.

फ्लेक्सखाली टेबलावर ती फ्रेम ठेवली होती. एका कागदावर तीन वर्तुळं, प्रत्येकात एक बारीक काळा धागा. पहिल्या वर्तुळात मधोमध, दुसऱ्यात काठाजवळ, तिसऱ्यात अर्धा बाहेर गेलेला. खाली तुझं अक्षर, "सूर्यावरील उद्रेक. प्रत्यक्ष पाहून काढला." त्याखाली "समक्ष" आणि माझी सही. फ्रेमला झेंडूचा हार घातला होता आणि हारात माझी सही झाकली गेली होती. त्या सबंध सभेत मला जर कुणाचे आभार मानावेसे वाटले असतील तर त्या हाराचे.

अध्यक्षांनी जाहीर केलं की हे चित्र वाचनालयाच्या भिंतीवर कायमचं लागेल. खाली पितळी पाटी, "दिग्रसच्या सुपुत्राने टिपलेला सूर्याचा उद्रेक". तुझ्या तेरवीनंतरच्या रविवारी अनावरण.

गजू, तो उद्रेक नव्हता. तो कापूस होता. मला हे दोन वर्षांपासून माहीत आहे, आणि मी तुला सांगितलं नाही.

मग त्यांनी मला बोलायला बोलावलं, जिवलग मित्र म्हणून. मी उभा राहिलो, "गजानन माझा मित्र होता" एवढं म्हणालो, पुढचं वाक्य आलं नाही, खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच. पण नुसत्या दुःखानं वाक्य अडत नाही.

*

बस स्टँडजवळचं तुझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि माझी तहसील कचेरी यांच्यामध्ये एक चहाची टपरी होती. तिथेच आपली मैत्री झाली, म्हणजे भांडणाला सुरुवात झाली. मी अव्वल कारकून. तीस वर्षं लोकांच्या कागदांवर "मूळ प्रतीवरून तपासून पाहिले, सत्यप्रत" असा शिक्का मारत आलो. मूळ प्रत किती वेळा पाहिली हे विचारू नकोस. तू रेडिओ उघडल्याशिवाय त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नसस. स्वभावानं आपण दोघं चुकीच्या नोकरीत होतो.

तुला सूर्याचं वेड लागलं ते एका गुरुजींमुळे. भर दुपारी ते रेडिओ घेऊन आले. शॉर्टवेव्हवर दूरचं स्टेशन ऐकत होते आणि आवाज एकदम गेला. खरखर नाही, शिट्टी नाही, सगळं सुन्न. तू रेडिओ उघडलास, तासभर शोधलंस, काही सापडलं नाही, आणि मग रेडिओ आपणहून बोलायला लागला. दुसरा कुणी असता तर रेडिओ परत देऊन त्यानं विषय संपवला असता. तू वाचनालयातली विज्ञानाची जुनी मासिकं उपसलीस. तिसऱ्या महिन्यात तुला कळलं की सूर्यावर स्फोट झाला की त्याचा झोत आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो, उजेडाच्या बाजूची वरची हवा बिघडवतो, आणि एरवी रेडिओच्या लाटा परत धाडणारी हवाच त्या गिळून टाकते.

गुरुजी पुन्हा आले तेव्हा तू म्हणालास, "गुरुजी, तुमचा रेडिओ चांगला हाय. बिघाड सूर्यात हाय."

गुरुजींनी रेडिओ उचलला आणि समोरच्या दुकानात नेला.

मी हसून हसून बाकावरून पडायचा राहिलो. तू मात्र गंभीर होतास. "मन्या, त्याईले पटलं नाई. पण खरं तेच हाय ना?" खरं तेच होतं. दिग्रसमध्ये खरं बोलून ग्राहक घालवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. म्हणूनच मी पुढे जे केलं ते तुझ्याशी करायला नको होतं.

*

मग रेडिओ गेले. लोकांच्या घरातून गेले, तुझ्या दुकानातून गेले. मोबाइलचे चार्जर आले, तेही पुढे दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणं सोपं झालं. तू सकाळी शटर वर करायचास, संध्याकाळी खाली करायचास, मधे कुणी येत नसे. तक्रार तू कधीच केली नाहीस. पण मी निवृत्त होऊन तुझ्या बाकावर कायमचा येऊन बसलो तेव्हा पाहिलं, सोल्डरिंग आयर्न तू रोज सकाळी तापवून ठेवत होतास. काही जोडायचं नसताना.

त्याच सुमारास तू गच्चीवर नळ बसवलास. नळ म्हणजे दुर्बीण, पण प्लंबरच्या पाइपची असल्यामुळे वहिनी तिला नळच म्हणायच्या. पुढे नागपूरहून मागवलेलं भिंग, मागे एका मोडक्या दुर्बिणीची छोटी काच, तिलाही तू भिंगच म्हणायचास. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, डोळे जातात. त्याला पाइपातून पुठ्ठ्यावर पाडायचं. पुठ्ठ्यावर कागद, कागदावर वहिनींच्या चटणीच्या ताटलीनं काढलेलं वर्तुळ. त्या वर्तुळात सूर्य बरोबर बसला की तू पेन्सिलीनं डाग टिपायचास आणि वहीत लिहायचास: वेळ, आकाश, डाग. आणखी काही नाही. काचा पुसायचं मलमलीचं फडकं तपकिरीच्या डबीत असायचं. त्या डबीला हात लावायची परवानगी वहिनींनाही नव्हती.

माझं काम पुठ्ठा धरायचं.

"हालू नको बे."

"श्वास घेऊ का?"

"घे. पण हळू."

हे संभाषण आपण पाच-सहा वर्षं रोज सकाळी केलं. माझ्या लग्नात तरी याच्याइतके नेमाचे शब्द झाले नसतील.

पहिल्याच दिवशी सूर्य वर्तुळातून बाहेर सरकायला लागला आणि मी म्हणालो, "गजू, पळून राह्यला तो." तू पाइपाला बोटानं जरासा धक्का दिलास, सूर्य पुन्हा वर्तुळात बसला. "तो नाई पळत. आपण पळतो. पृथ्वी फिरते ना बावळ्या. हे पहिले ध्यानात ठेव, बाकी सगळं मंग." तो पहिला धडा.

बाकी सगळं तू मला जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, भाषेत शिकवलंस, कारण आपल्या गावात मोठ्या ताकदीची ओळख असलेली तेवढीच एक जागा. प्रेसमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात, वरून लोखंडी पट्ट्या आवळतात. तू म्हणायचास, सूर्याच्या वरच्या वातावरणात अशाच चुंबकीय पट्ट्या असतात, कमानीसारख्या. सूर्य फिरतो, त्या पिळत जातात, आवळत जातात. एखादी तुटते. तुटली की आधी लखकन उजेड, आणि मागून कापूस. म्हणजे सूर्याच्या अंगचा तापलेला वायू, डोंगरच्या डोंगर, थेट बाहेर. उजेड आठ मिनिटांत पोचतो, कापसाला एक-दोन दिवस लागतात, कधी तीन. आणि गंमत अशी की सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आतबाहेर, पण त्याच्या बाहेरचं हे विरळ वातावरण, प्रभामंडळ म्हणतात ते, दहा-वीस लाख अंश. चुलीपेक्षा चुलीवरची हवा शेकडो पट गरम. ती नेमकी का, हे शहाण्या माणसांनाही अजून पुरतं ठरवता आलेलं नाही. ते तुला फार आवडायचं. "अभ्यासवाल्यायलेही येत नाई," असं तू जेव्हा जेव्हा म्हणायचास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर पास झाल्याचा आनंद असायचा.

आपलं एक भांडण राहिलंय, तेही इथलंच. उपग्रहांनी काढलेली चित्रं तू फोनवर दाखवत होतास. उद्रेक झाला की जिथून वायू निघून गेला तिथे प्रभामंडळात काळा खड्डा दिसतो. नुसता तिथेच परिणाम होत नाही, एक लाट सगळ्या वातावरणातून पसरत जाते आणि लांबलांबच्या, काहीही संबंध नसलेल्या कमानी झुलायला लागतात. मी विचारलं, "आणि तो खड्डा?"

"भरते ना. खालून नवा वायू चढते."

"किती दिवसात?"

"दिवस कायचे? काही घंटे. लय मोठा असला तं एखाद-दोन दिवस."

"मग तो भरला असं कसं म्हणतोस? गेलं ते गेलं. हे दुसरं आलं."

"दुसरं आलं म्हणजेच भरलं."

"जागा भरली. गेलेलं नाही आलं परत."

"तू ना मन्या, सूर्यालेही अर्ज कराले लावशीन. आमचा वायू परत मिळावा म्हणून."

त्यावर तू पुठ्ठा माझ्या हातात दिलास आणि भांडण उद्यावर गेलं. पुढे बऱ्याच उद्यांवर गेलं.

*

आता तो दिवस.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. जिनिंग जोरात होतं. त्या दिवसांत आपल्या गावात हवेत कापूस असतो. भुवयांवर बसतो, चहात पडतो, वाळत घातलेल्या पापडांवर चिकटतो. त्या सकाळी कागदावर सूर्य पडला आणि त्याच्या मधोमध एक बारीक काळा धागा होता, जरासा वाकलेला.

तू कागदावर वाकलास. मग म्हणालास, "मन्या, पाह्य."

सूर्यावर असे काळे धागे असतात हे तू मला चित्रांत दाखवलं होतंस. वातावरणात अधांतरी तरंगणारे, थंड वायूचे. तेच कधी उठतात आणि उद्रेक होऊन बाहेर जातात. पण आपल्या नळातून ते दिसत नाहीत, त्याला वेगळी महागडी काच लागते, हेही तूच सांगितलं होतंस. तुला ते सगळं ठाऊक होतं. त्या सकाळी तुला ते ठाऊक राहिलं नाही. तू पेन्सिल उचललीस.

तू पहिलं वर्तुळ काढलंस. दुसरं काढताना पाइपाला धक्का द्यायला विसरलास. सूर्य एका बाजूला सरकत गेला, धागा होता तिथेच राहिला, आणि तुला दिसलं ते असं की धागा सूर्याच्या काठाकडे चाललाय. "उठला! मन्या, उठून राह्यला तो!" तिसऱ्या वर्तुळात धागा अर्धा सूर्याबाहेर होता. तू पेन्सिल टाकलीस आणि जिन्यावरून धावत सुटलास, "अवं ऐकलं का, वर ये, लवकर ये!" सत्तरीला आलेला माणूस, दोन दोन पायऱ्या टाकत.

मी पुठ्ठा धरून एकटा उभा होतो. धक्का मी दिला. सूर्य परत वर्तुळात आला आणि धागा पुन्हा बरोबर त्याच्या मधोमध. पृथ्वी फिरते ना बावळ्या. मी पाइपाच्या मागच्या काचेजवळ बाजूनं डोळे नेले. कापसाचा एक तंतू तिच्यावर चिकटून बसला होता.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. तू वर येईपर्यंत थांबणं आणि काचेकडे बोट दाखवणं. किंवा मी जे केलं ते. मी सदऱ्याच्या टोकानं काच पुसली.

तू वहिनींना घेऊन आलास. कागदावर सूर्य कोरा होता, एका बाजूला दोन-चार डाग.

"गेला?" तू विचारलंस.

"गेला," मी म्हणालो.

तुझे डोळे भरून आले होते. वहिनी एकदा कागदाकडे, एकदा तुझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या हाताला कणीक होती. मग तू कागद माझ्यापुढे केलास. "तू सरकारी माणूस. समक्ष म्हणून सही कर." मी केली. तीस वर्षांत इतक्या काळजीपूर्वक तपासलेली आणि इतकी खोटी सही मी दुसरी केली नव्हती.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण मनाला लागलेलं असलं की माणूस जास्त करतो. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन आलो आणि सोबत ओळखीचा एक बातमीदार. तू दुकानात सोल्डरिंग आयर्न तापवून बसला होतास. बातमीदारानं विचारलं, "काका, नेमकं काय दिसलं?" तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "याले इचारा. साक्षीदार हा हाय."

मी म्हणालो, "हो. मी पाहिलं."

बातमी आली, फोटोसकट. त्या आठवड्यात सूर्यावर खराच एक उद्रेक झाल्याचं बातमीदारानं कुठूनसं शोधून जोडून दिलं. सूर्य सध्या असा जोरात आहे की शोधावा त्या आठवड्यात उद्रेक सापडतो. शाळेतली पोरं दुकानात आली, मास्तर आले, फुलसावंगीहून कोण कोण आले. कित्येक वर्षांनी कुणीतरी तुझ्या दुकानात येऊन तुला काहीतरी विचारत होतं. महिन्याभरानं मी त्या कागदाची फ्रेम करून आणली आणि स्वतः खिळा ठोकून दुकानात लावली. तू म्हणालास, "एवढं कायले केलं बे?" मला वाटलं, तो संकोच आहे.

*

त्यानंतरच्या दोन वर्षांत सांगायची संधी रोज होती. रोज सकाळी मी पुठ्ठा धरून तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा असायचो. पण एकदा चुकलेली गोष्ट दुरुस्त करायची वेळ पहिल्या दिवशी असते. पुढे ती चूकच वस्तीला येते, घरच्यासारखी होते.

गेल्या महिन्यात तुला यवतमाळला दवाखान्यात नेलं. मी भेटायला आलो. नाकात नळी, हाताला सुई, आणि खिडकीतून उन्हाचा पट्टा तुझ्या चादरीवर पडला होता. तू त्या पट्ट्याकडे बघत होतास. "किती सरकला पाह्य," म्हणालास. मग थोड्या वेळानं, "मन्या, काही सांगाचं हाय का?"

असं सरळ विचारलंस तू. मला वाटलं, आजारी माणसाचं बोलणं.

"नाही रे. तू आराम कर."

"बरं," तू म्हणालास.

बस. तेवढंच "बरं". त्या रात्री घरी मला झोप लागली नाही आणि सकाळी मी ठरवलं की आज जाऊन सांगायचं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पहिल्या बसनं निघालो. दारव्ह्याला ड्रायव्हर चहाला उतरला आणि माझा फोन वाजला. वहिनींचा भाऊ बोलत होता.

त्या वाक्याचं मी पुढे काय करायचं होतं, गजू? ते माझ्याजवळ तसंच आहे. बस दारव्ह्याहून निघाली, यवतमाळला पोचली, मी उतरलो, तुझ्या पायांशी उभा राहिलो, तेव्हाही ते माझ्या तोंडात होतं. तुझा चेहरा स्वच्छ होता. कुणीतरी तुझा चष्मा काढून ठेवला होता, आणि चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा होता. मी तो पुसला. मला एवढंच येतं.

*

दहाव्या दिवशी वहिनींनी बोलावलं.

"भाऊजी, ह्या वह्यायचं काय करू? रद्दीत द्याच्या म्हटलं तं हात होत नाई."

पंधरा वह्या होत्या. मी ओट्यावर बसून चाळायला लागलो. वेळ, आकाश, डाग. वेळ, आकाश, डाग. तो दिवस सापडला. पान फाडलेलं, कारण ते फ्रेममध्ये आहे. पुढचं पान, दुसऱ्या दिवसाचं, पेढ्यांच्या दिवसाचं: वेळ ९.२०. आकाश स्वच्छ. डाग सात. भिंग पाहिलं.

भिंग पाहिलं. हे आधीच्या एकाही पानावर नव्हतं. मी मागे जाऊन सगळी पानं पुन्हा पाहिली. नव्हतं. आणि त्या दिवसापासून पुढे रोज, एकही दिवस न चुकता, चौथी नोंद: भिंग पाहिलं. भिंग पाहिलं. दवाखान्यात नेलं त्या सकाळपर्यंत.

वहिनी समोर तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "वहिनी, गजूला माहीत होतं?"

"काय?"

"तो धागा कापसाचा होता ते."

त्यांनी सुपातून मानसुद्धा वर केली नाही. "मले त्याच दिवशी सांगतलं त्यायनं. संध्याकाळी तो कागद घेऊन बसले, मंग एकदम हासाले लागले. म्हणे, धागा हालला नाई, सूर्य सरकला. कापूस होता, अन् मी खाली आलो तवा मन्यानं पुसला. म्या म्हटलं, मंग सांगा ना त्यायले. तं म्हणे, त्याचं तो सांगन."

"मग फ्रेम का ठेवली?"

"तुमीच लावली ना." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "म्या दोनदा म्हटलं काढा म्हणून. तं म्हणे, राहू दे. मन्याले वाटते मले बरं वाटून राह्यलं. वाटू दे त्याले."

मी तिथे ओट्यावर बसून रडलो. म्हातारा माणूस रडला की बाई सहसा काहीतरी बोलते. वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "चित्र लावाचं तं लावा. पण खाली खरं लिहा. एवढे दिवस ह्या घराचं खोटं दुकानात टांगलं, तेवढं बस झालं."

मी अध्यक्षांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. "साहेब," ते म्हणाले, "पाटी कोरून आली ना. आता कोण दुर्बीण घेऊन तपासाले येते?" मी म्हणालो, फ्रेम एक दिवसासाठी द्या. त्यांनी दिली.

सरकारी कागदावर खाडाखोड केली की तिच्यावर सही करावी लागते, नाही तर ती धरत नाहीत. मी फ्रेम उघडली. तुझ्या अक्षराला हात लावला नाही, तेवढा अधिकार मला नाही. माझ्या "समक्ष"वर एक रेघ मारली, रेघेवर सही केली, आणि खाली लिहिलं: "हा कापसाचा तंतू. काचेवरून मी पुसला. गजाननला माहीत होतं." तारीख घातली. काच लावली, आणि लावण्याआधी दोन्ही बाजूंनी पाहून घेतली.

अध्यक्षांनी ते वाचलं. अनावरण काही अपरिहार्य कारणामुळे पुढे ढकललं आहे. चित्रासाठी ठोकलेल्या खिळ्यावर सध्या कॅलेंडर आहे. फ्रेम तुझ्या घरी, देव्हाऱ्याच्या बाजूला. वहिनी म्हणतात, आता दिसायला बरी दिसते.

*

तुझ्यावर मी रागावलोही आहे, हे लिहून ठेवतो. दोन वर्षं तू वाट पाहिलीस आणि एकदाही माझी कॉलर धरली नाहीस. मला वाटत राहिलं मी तुला सांभाळतोय. रोज सकाळी तुझ्या हातभर अंतरावर उभा राहून मी तुला सांभाळत होतो, आणि तू काच तपासत होतास आणि मला सांभाळत होतास. एवढं प्रेम करायचं होतं तर एक शिवी तरी द्यायचीस. मी लगेच कबूल केलं असतं, आणि मग आपण टपरीवर जाऊन त्यावर वर्षभर हसलो असतो. ते एक वर्षाचं हसू मी बुडवलं. त्याला माफी मागायची पद्धत मला माहीत नाही.

आणि ते दुसरं भांडण. लाट लांबवर जाते म्हणालास, ते बरोबर निघालं. ज्यांना तू एकदाही भेटला नाहीस अशी माणसं मला रस्त्यात थांबवून तुझ्याबद्दल विचारतात आणि हळहळतात. पण खड्ड्याबद्दल तू म्हणाला होतास, काही घंटे, लय मोठा असला तर एखाद-दोन दिवस. गजू, आज तेरावा.

सकाळी गच्चीवर गेलो. खाली स्वयंपाकाला बायका आल्या होत्या, भांड्यांचा आवाज चालला होता. मी पाइप लावला, आणि मग लक्षात आलं की पुठ्ठा धरायला कुणी नाही. जिन्यावरून वहिनी आल्या. त्यांनी पुठ्ठा घेतला आणि धरला. पुठ्ठा हलत होता, सूर्य कागदावर थरथरत होता. "हालू नको बे" हे मला त्यांना म्हणता येईना. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "श्वास घेऊ का?"

पाच-सहा वर्षं त्या खालून रोज ऐकत होत्या.

"घ्या," मी म्हणालो. "पण हळू."

मग मी पाइपाला जरासा धक्का दिला, सूर्य ताटलीच्या वर्तुळात बसला, आणि तुझ्या वहीत तुझ्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून लिहिलं:

वेळ ९.१०. आकाश स्वच्छ. डाग चार. भिंग पाहिलं. कापूस नाही. जिनिंग मागच्या महिन्यातच बंद झालं.